दोन धन्यांचा चाकर

छाती आणि पोट यांच्यामध्ये आडवा पसरलेला घुमटाकार स्नायू म्हणजे श्वासपटल; डॉक्टरांच्या बोलण्यातला डायफ्रॅम. त्याचे तंतू पुढे छातीच्या मधल्या हाडाच्या टोकापासून, कडेने खालच्या सहा बरगड्यांपासून आणि मागे कमरेच्या वरच्या मणक्यांपासून निघतात, वर चढतात आणि मध्यभागी एका चिवट, पांढऱ्या कंडरेत मिसळून जातात. उजवा घुमट डाव्यापेक्षा जरा उंच असतो, कारण त्याच्याखाली यकृत बसलेले असते. या पडद्याला तीन मोठी दारे आहेत. छातीच्या आठव्या मणक्याच्या पातळीवर महाशिरा, दहाव्याच्या पातळीवर अन्ननलिका आणि बाराव्याच्या पातळीवर, खरे तर पडद्याच्या मागून, महाधमनी जाते. महाशिरेचे दार कंडरेत असल्याने श्वास घेताना ते आवळले जात नाही. अन्ननलिकेचे दार मात्र स्नायूतच आहे. स्नायू आकसला की अन्ननलिकेला चिमटा बसतो, आणि जठरातले आम्ल वर येऊ न देण्यात या चिमट्याचा मोठा वाटा असतो.

श्वासपटल आकसते तेव्हा घुमट खाली उतरून सपाट होतो. छातीची पोकळी उभी वाढते, आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमी होतो आणि हवा आत ओढली जाते. शांत श्वासात घुमट एक-दोन सेंटिमीटरच सरकतो, तेवढ्याने सुमारे ५०० मिलिलिटर हवा येते. खोल श्वासात तो सात-आठ सेंटिमीटरही उतरू शकतो. खाली ढकललेल्या यकृत-जठर-आतड्यांना जायला जागा पुढेच असते, म्हणून पोट फुगते. श्वास सोडायला शांत अवस्थेत वेगळे कष्ट नाहीत. स्नायू सैल पडतो, ताणलेली फुप्फुसे आपल्या लवचीकपणाने आकसतात. हे दिवसातून वीस हजारांच्या आसपास वेळा घडते.

घुमटाला उतरायला पोटाची आणि बरगड्यांची मोकळीक लागते. ती मिळाली नाही तर काय होते, हे पश्चिम रेल्वेच्या प्रवाशांनी पाहिले आहे. २९ सप्टेंबर २०१७ रोजी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड, आताच्या प्रभादेवी स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ जणांचा जीव गेला. अशा गर्दीत नाक-तोंड मोकळे असले तरी माणूस गुदमरतो. चहूबाजूंनी दाबलेल्या धडात बरगड्या पसरत नाहीत आणि श्वासपटलाला खाली जागा उरत नाही.

या स्नायूची चेता मानेतून येते, तिसऱ्या ते पाचव्या मणक्याजवळून. छाती-पोटाच्या सीमेवरच्या स्नायूची तार इतक्या वरून का यावी, याचे उत्तर गर्भावस्थेत आहे: पडद्याची पहिली बांधणी मानेच्या पातळीवर होते आणि वाढीच्या ओघात तो खाली उतरताना आपली चेता बरोबर ओढून नेतो. त्या लांबलचक चेतेवर हुकूम मात्र दोन ठिकाणांहून येतात. मेंदूच्या देठातली केंद्रे रात्रंदिवस आपसूक ताल धरून असतात; आणि मेंदूच्या वरच्या भागातून, बोलताना, गाताना, पोहताना, आपण स्वेच्छेने हुकूम देतो. स्वप्नांच्या झोपेत हातापायांचे स्नायू लुळे पडतात तेव्हाही श्वासपटल काम सोडत नाही.

या दुहेरी अंमलातूनच एक वाद निघतो: हा स्नायू शिकवण्याचा की तपासण्याचा? मुंबईजवळच्या भाईंदरला हा वाद शोभतो. पश्चिमेच्या टेंबा भागातले शासकीय रुग्णालय भारतरत्न पंडित भीमसेन जोशी यांच्या नावाचे आहे; उपचारांच्या दारावर पाटी दमसासाच्या मानकऱ्याची. पुढचे दोघे कल्पित आहेत: एक सकाळचा वर्ग चालवणाऱ्या योगशिक्षिका, दुसरे छातीच्या विकारांचे डॉक्टर.

योगशिक्षिका: ज्या स्नायूला सांगितलेले कळते, त्याला शिकवताही येते, डॉक्टर. भीमसेनजींच्या ताना घ्या. तो पल्ला रियाजाने आला. आमच्याकडेही नवे लोक आधी खांदे उचलून श्वास घेतात, पंधरा दिवसांनी पोट हलायला लागते.

डॉक्टर: रियाजाने आला, कबूल. पण ताई, तान चालू असताना हवा बाहेर जात असते आणि श्वासपटल हा आत घेण्याचा स्नायू आहे. हवा मोजूनमापून सोडतात ते पोटाचे आणि बरगड्यांमधले स्नायू. छाती भरलेली असताना हवा भसकन सुटू नये म्हणून सुरुवातीला श्वासपटल थोडा ब्रेक लावते, पण पुढचे काम बाकीच्यांचे.

योगशिक्षिका: गाणारे तर म्हणतात, आम्हाला ते आत जाणवते.

डॉक्टर: जाणवते ती पोटाची भिंत. हातापायांच्या स्नायूंत ताण ओळखणारे संवेदक भरपूर असतात, श्वासपटलात फार थोडे. ते दुखते तेव्हासुद्धा भलत्या जागी दुखते.

ही भलती जागा म्हणजे खांद्याचे टोक. श्वासपटलाच्या मध्यभागाची वेदना नेणारी चेता मानेतल्या ज्या मुळांतून निघते, त्याच मुळांतून खांद्याच्या त्वचेची संवेदनाही जाते, आणि मेंदू गफलत करतो. यकृतात अमिबाचे गळू झाले तर उजवा खांदा दुखू शकतो, ताप येतो, कधी उचकी लागते आणि क्ष-किरण चित्रात उजवा घुमट वर उचललेला दिसतो. असा रुग्ण खांद्याला मलम चोळत आठवडा काढतो, यात नवल नाही. पोटात कुठे फुटून रक्त साचले तरी खांदा दुखतो. डाव्या खांद्याचे दुखणे प्लीहा फाटल्याची खूण असू शकते.

योगशिक्षिका: जाणवत नाही म्हणून ताबा नाही, असे होत नाही. स्वामी कुवलयानंदांनी हे मोजून दाखवले आहे.

कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम उभे केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. क्ष-किरण आणि दाबमापके लावून यौगिक क्रिया तपासणाऱ्या पहिल्या काही लोकांत ते होते. उड्डियान बंधात श्वासपटल किती वर जाते आणि पोटाचे स्नायू फिरवण्याच्या क्रियेत, म्हणजे नौलीच्या वेळी, मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कसा खाली उतरतो, हे त्यांनी नोंदवले. या उणे दाबाला त्यांनी आपल्या गुरूंचे, माधवदासजींचे, नाव दिले.

डॉक्टर: माणसाने आधी मोजले आणि मग सांगितले, म्हणून मी त्यांना मानतो. पण उड्डियानात घडते काय ते बघा. श्वास पूर्ण सोडायचा, घसा बंद ठेवायचा आणि श्वास घेतल्यासारख्या बरगड्या फुलवायच्या. हवा आत येत नाही, छातीतला दाब घटतो आणि श्वासपटल वर ओढले जाते. त्या क्षणी ते सैल असते. कपालभातीतही झटका पोटाचा असतो, श्वासपटल नुसते वर ढकलले जाते. आणि झटका फार जोराचा नको. कपालभातीच्या अतिरेकानंतर एका निरोगी तरुणीच्या फुप्फुसाबाहेर हवा साचल्याची नोंद २००४ साली ‘चेस्ट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली होती.

योगशिक्षिका: नेमके सैल सोडता येणे हीसुद्धा कमाईच आहे. ती तुमच्या यंत्रात मोजली जात नाही, एवढेच.

डॉक्टर: सैल सोडा, ताणा, थांबवा; मुदत मात्र ठरलेली असते. श्वास रोखला की रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो आणि एका टप्प्यावर खालचा धनी वरच्याचे ऐकेनासा होतो.

हे दोन धनी किती वेगळे आहेत, ते विकारांत स्पष्ट दिसते. काही बाळांमध्ये आपसूक श्वासाची यंत्रणा जन्मतःच दुबळी असते. अशी मुले जागेपणी ठीक श्वास घेतात, झोपली की श्वास मंदावतो किंवा थांबतो, आणि त्यांना आयुष्यभर रात्री यंत्राचा आधार लागतो. मेंदूच्या देठाच्या विशिष्ट इजेत याच्या उलट होते: मागितल्यावर खोल श्वास घेता येत नाही, पण आपसूक श्वास चालू राहतो.

दोघांनाही न जुमानणारी एक गोष्ट म्हणजे उचकी. श्वासपटलाला अचानक झटका येतो आणि क्षणार्धात, सेकंदाच्या विसाव्या हिश्श्याच्या आत, स्वरयंत्राची फट बंद होते. आवाज त्या बंद होण्याचा. कुणी आठवण काढली म्हणून लागलेली उचकी पाण्याच्या घोटाने जाते. दोन दिवसांहून जास्त टिकली तर मात्र कारण शोधावे लागते: मूत्रपिंड निकामी होणे, रक्तातले सोडियम घटणे, मेंदूच्या देठातला झटका, श्वासपटलाखालचे गळू, क्वचित हृदयविकार. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या चार्ल्स ऑस्बोर्न यांना १९२२ साली लागलेली उचकी १९९० साली थांबली.

योगशिक्षिका: माझ्या वर्गात उचकीपेक्षा ‘ॲसिडिटी’वाले जास्त आहेत. वाकले की आंबट पाणी घशात येते म्हणतात.

डॉक्टर: त्यातल्या काहींना हायटस हर्निया असणार. अन्ननलिकेचे दार सैल पडते आणि जठराचा वरचा भाग त्यातून छातीत सरकतो. वय, लठ्ठपणा, जुना खोकला, कुंथणे, ही नेहमीची कारणे. चिमटा ढिला पडला की आम्ल वर येते. बहुतेकांना औषध, वजन कमी करणे, रात्रीचे जेवण लवकर आणि उशाकडून पलंग उंच करणे एवढ्यावर भागते. त्यांना जेवणानंतर वाकायला लावू नका आणि पोटाला झटके देणाऱ्या क्रिया देऊ नका.

योगशिक्षिका: जेवणानंतर आम्ही कुणालाच काही देत नाही, डॉक्टर. हे शास्त्रातच आहे.

जन्मजात हर्नियाची गोष्ट निराळी. गर्भात पडद्याची एक बाजू, बहुधा मागची डावी, पुरती मिटत नाही आणि आतडी छातीत शिरतात. साधारण दर तीन हजार जन्मांमागे एका बाळात हे आढळते. भोक शिवणे हा उपचाराचा त्या मानाने सोपा भाग. खरा घोर वाढ खुंटलेल्या फुप्फुसाचा असतो, म्हणून बाळाला आधी स्थिर करतात आणि शस्त्रक्रिया नंतर. गरोदरपणातल्या सोनोग्राफीत हे दिसले तर प्रसूती बालशल्यचिकित्सेची सोय असलेल्या ठिकाणी ठरवता येते.

मोठ्या माणसाचा पडदा अपघाताने फाटतो. महामार्गावर गाडी आदळली किंवा कुणी लोकलमधून पडले तर पोटातला दाब एकाएकी वाढतो आणि घुमटाला चीर जाते; बहुधा डावीकडे, कारण उजवीकडे यकृताची पाठराखण असते. बाकीच्या जखमांच्या गदारोळात ही चीर सुटून जाऊ शकते आणि वर्षांनंतर छातीत अडकलेल्या आतड्याच्या रूपाने समोर येते. पोटदुखीच्या रुग्णाला जुन्या अपघाताबद्दल विचारायचे ते यासाठी.

योगशिक्षिका: ही सगळी फाटाफूट झाली. धडधाकट पडद्याला पोटाने श्वास घ्यायला शिकवण्यात तर काही वावगे नाही ना?

डॉक्टर: धडधाकट असेल तर नाही. पण तुमच्याकडे येणाऱ्यांत बिडी ओढलेले आणि चुलीच्या धुरात जन्म काढलेले लोकही असतात. अशा धुराने होणाऱ्या फुप्फुसांच्या जुनाट विकारात, सीओपीडीत, हवा आत अडकते, फुप्फुसे फुगून राहतात आणि घुमट आधीच सपाट झालेला असतो. सपाट पडदा आणखी किती उतरणार? तो आकसला की उलट खालच्या बरगड्या आत ओढतो. अशा माणसाला ‘पोट फुगवून श्वास घ्या’ म्हटले की त्याची धाप वाढू शकते. १९९० च्या दशकात युरोपात झालेल्या अभ्यासांत तीव्र सीओपीडीच्या रुग्णांबाबत हेच दिसले.

योगशिक्षिका: मग माझ्या वर्गातले एक काका गुडघ्यांवर हात टेकून वाकून बसतात तेव्हा त्यांना बरे वाटते, ते का?

डॉक्टर: वाकल्यावर पोटातले अवयव पडद्याला वर ढकलतात, घुमट थोडा परत येतो. हात टेकले की मान आणि खांद्याचे स्नायूही छाती उचलायला मोकळे होतात. त्यांना ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडायला सांगा. अडकलेली हवा निघायला वेळ मिळतो. घेण्यावर भर नको, सोडण्यावर द्या.

योगशिक्षिका: सोडण्यावर भर, हे आम्ही सगळ्यांनाच सांगतो. पूरकापेक्षा रेचक दुप्पट. आणि घाबरट, छाती धडधडणाऱ्या माणसाला पोटाच्या संथ श्वासाने शांत वाटते, हे तुम्हीही नाकारणार नाही.

डॉक्टर: नाकारत नाही. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास आले की हृदयाची लय आणि रक्तदाब थोडे निवळतात. पण ते श्रेय संथपणाचे, श्वासपटलाचे नव्हे.

योगशिक्षिका: पोट हलल्याशिवाय संथपणा येत नाही.

डॉक्टर: येतो.

या मुद्द्यावर दोघांपैकी कुणीच मागे हटत नाही, आणि तूर्त त्यांना तेथेच सोडणे बरे. कारण पुढच्या विकारांत श्वासाच्या पद्धतीचा प्रश्नच उरत नाही. तेथे हुकूमच पोचत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गियाँ-बारे विकाराची साथ आली आणि संशयितांची संख्या दोनशेच्या वर गेली. पोटाच्या संसर्गानंतर शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच चेतांवर उलटते. पायांपासून लुळेपणा चढतो, आणि श्वासपटलाच्या चेतेपर्यंत पोचला तर व्हेंटिलेटर लागतो. या विकारात साधारण चार-पाच जणांतल्या एकाला ती वेळ येते. रक्तातला प्राणवायू शेवटपर्यंत ठीक दिसू शकतो, म्हणून बोटाच्या ऑक्सिमीटरवर विसंबता येत नाही. त्यापेक्षा खाटेजवळची एक साधी चाचणी उपयोगी पडते: खोल श्वास घेऊन एका दमात मोठ्याने अंक म्हणायला लावायचे. निरोगी माणूस चाळीस-पन्नासपर्यंत जातो. वीसच्या आत दम संपू लागला तर रुग्णाला अतिदक्षता विभागात हलवण्याचा विचार करतात.

मण्यारीचे विषही याच वाटेने मारते, फक्त फार वेगाने. घोडबंदर, काशिमिरा आणि राष्ट्रीय उद्यानाच्या कडेच्या वस्त्यांना हा साप अनोळखी नाही. तो रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. दंश फारसा दुखत नाही, खूणही कधी सापडत नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, गिळता येईनासे होते, आणि मग श्वासपटल थांबते. विष चेतांच्या टोकांना इजा करून बसले की प्रतिविष ती इजा पुसू शकत नाही. टोके पुन्हा सुधारेपर्यंत, काही दिवस, यंत्राने श्वास चालवावा लागतो. तेवढे दिवस निभावले तर माणूस पूर्ण बरा होऊ शकतो, आणि म्हणूनच मांत्रिकाकडे गेलेला तासभर येथे इतका महाग पडतो.

योगशिक्षिका: व्हेंटिलेटरवर श्वासपटलाला चांगला आराम मिळत असेल.

डॉक्टर: आराम त्याला मानवत नाही. २००८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मेंदूमृत अवयवदात्यांची श्वासपटले १८ ते ६९ तास पूर्ण निष्क्रिय राहिली होती. त्यांचे तंतू निम्म्याहून बारीक झालेले आढळले. जन्मभर न थांबलेला स्नायू दोन-तीन दिवसांत झिजतो. म्हणून आता जमेल तेथे रुग्णाला स्वतःचा थोडा श्वास घेऊ देतात.

योगशिक्षिका: म्हणजे वापरले नाही तर झिजते. मी काय वेगळे म्हणत होते?

डॉक्टर: एवढे तुमचे.

उरला तो एकट्या चेतेचा लकवा. हृदयाच्या किंवा मानेच्या शस्त्रक्रियेत चेता दुखावते, फुप्फुसाच्या कर्करोगाची गाठ तिला गिळते, कधी विषाणूच्या आजारानंतर ती सुजते. पुष्कळदा कारण हाती लागत नाही. एकच बाजू गेली तर धडधाकट माणसाला पत्ताही नसतो. दुसऱ्याच कशासाठी काढलेल्या एक्स-रेत एक घुमट वर दिसतो. दोन्ही बाजू गेल्या तर चित्र ठळक असते: उभे असताना निभते, पाण्यात गळ्यापर्यंत उतरले किंवा उताणे झोपले की जीव घाबरा होतो, कारण पोटातल्या अवयवांचा भार पेलणारे कुणी नसते. श्वास घेताना पोट फुगण्याऐवजी आत जाते.

योगशिक्षिका: थांबा. माझ्याकडे एक गृहस्थ आहेत. सगळी उभी आसने करतात, शवासनात दोन मिनिटांत उठून बसतात. मी समजत होते, मन लागत नाही.

डॉक्टर: त्यांना पाठवा. हृदयाचेही कारण असू शकते, ते आधी पाहू. मग बसून आणि झोपून फुप्फुसाची क्षमता मोजू. थोडा फरक सगळ्यांतच पडतो. आडवे झाल्यावर तीस टक्क्यांहून जास्त घटली तर संशय पक्का. सोनोग्राफीत पडदा श्वासागणिक जाड होतो की नाही ते दिसते. फ्लुरोस्कोपीखाली नाकाने झटकन हुंगायला सांगितले की लुळी बाजू खाली येण्याऐवजी वर उडते.

योगशिक्षिका: आणि लकवाच निघाला तर?

डॉक्टर: कारण सापडले तर त्याचा इलाज. नाहीतर वाट पाहायची. चेता दिवसाला मिलिमीटरभर वाढते आणि वाट लांब आहे, वर्ष-दीड वर्ष सहज जाते. तोवर रात्री मास्कचे बायपॅप यंत्र. एकच बाजू कायमची गेली आणि धाप लागत राहिली, तर सैल पडद्याला टाक्यांनी चुण्या घालून ताणून बसवतात. चेता शाबूत असून वरून हुकूम येत नसेल, मानेच्या वरच्या मणक्याची इजा झालेल्यांत असते तसे, तर काहींना चेतेवर पेसमेकर बसवता येतो.

योगशिक्षिका: तोपर्यंत त्यांनी वर्गाला यावे का?

डॉक्टर: यावे की. शवासन मात्र खुर्चीत, पाठ टेकून.